शेजारच्या पंचायतीची माणसं मदतीला धावून येतात, मग पुढचं काय?

म्हादईकाठ (धागाकर्ता)

पाऊस दोन आठवड्यांवर आला आहे, म्हणून विषय आताच काढतो. चवथीपर्यंत थांबलो तर यंदाही राहून जाईल.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं तो दिवस. कोविडची दुसरी लाट भरात होती, राज्यात संचारबंदी होती. मी तेव्हा सत्तरी तालुक्यातल्या एका पंचायतीवर पंच होतो. आमच्या वाड्याच्या रस्त्यावर एक किंदळ आणि दोन जुने आंबे आडवे झाले, जाताना विजेचे खांब घेऊन गेले. वाड्यावर एक म्हातारी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होती आणि वीज गेलेली. अग्निशामक दलाला फोन लावला. पण त्या दिवशी राज्यभर झाडं पडत होती, आमचा नंबर कधी लागेल हे त्यांनाही सांगता येईना.

मग शेजारच्या पंचायतीच्या सरपंचांना फोन केला. पाऊण तासात चार मुलगे, एक यांत्रिक करवत आणि एक छोटा जनरेटर दारात. कुणी काही विचारलं नाही, काही लिहून मागितलं नाही. म्हातारी वाचली. पण दुसरा आंबा कापताना दाबली गेलेली फांदी सुटली आणि त्यातल्या एका मुलाच्या पावलावर आदळली. १०८ ने आधी वाळपईला, तिथून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. तीन महिने तो कामावर जाऊ शकला नाही.

तो रोजंदारीवरचा. आमची पंचायत म्हणाली, तो आमचा कामगार नव्हे. त्याची पंचायत म्हणाली, आमच्या हद्दीतलं काम नव्हे आणि लेखी आदेशही नव्हता. त्यांच्या डिझेलच्या बिलावर पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आला, पंचायतीचा निधी हद्दीबाहेर का वापरला म्हणून. शेवटी आम्ही पंचांनी आपापल्या खिशातून पैसे काढून मुलाच्या घरी नेऊन दिले. त्याच्या आईने ते घेतले, पण आमच्याकडे बघितलं नाही. ते अजून विसरता येत नाही.

दोन महिन्यांनी, २३ जुलैला, म्हादईला पूर आला. १९८२ नंतरचा सर्वात मोठा पूर असं मुख्यमंत्री तेव्हा म्हणाले होते. गुळेलीकडचा पैकुळचा पूल वाहून गेला. त्या दिवशी मी पुन्हा त्याच सरपंचांना फोन करायला हात उचलला आणि थांबलो. मला वाटतं, आपत्तीत मदत अडते ती अशी. इच्छा असते, पण मागच्या वेळचं ओझं अजून उतरलेलं नसतं.

म्हणून विचारतो. गोव्यात १९१ ग्रामपंचायती, १३ नगरपालिका आणि पणजी महानगरपालिका आहे. यांनी एकमेकांशी आधीच करार करून ठेवावा की कोण कुणाला काय देईल, खर्च कुणाचा, जखमी झालेल्याची जबाबदारी कुणाची. असं कुठे झालंय का? आपल्याकडे होऊ शकतं का?

काजूमळा

म्हादईकाठबाब, मुलाचं वाचून वाईट वाटलं. तरी माझं मत वेगळं आहे. गावागावांतली मदत ही माणुसकीवर चालते. त्यात करार आणला की वादळाच्या रात्री सचिव म्हणेल, आधी पत्र आणा. आज पाऊण तासात माणसं आली, उद्या पाऊण दिवसात येतील. कागदाने मदत वाढल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

माई_फोंडा

काजूमळा, माणुसकी हवीच, पण ओळख नसेल तिथे ती पोहोचत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाची मुख्य जलवाहिनी खांडेपारजवळ फुटली. तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांचे नळ कितीतरी दिवस कोरडे. ऐन पावसात, घराबाहेर पाणी धो धो आणि घागर रिकामी. आमच्या वाड्यावर टँकर तिसऱ्या दिवशी आला. पलीकडच्या वाड्यावर पहिल्याच दिवशी आला, कारण तिथल्या पंचांचा मेहुणा टँकरवाला.

त्या दिवसांत दक्षिण गोव्यातल्या सासष्टीला साळावली धरणाचं पाणी नेहमीसारखं येत होतं. म्हणजे गोव्यात पाणी होतं, टँकरही होते. दक्षिणेतल्या पालिकांचे टँकर कुणी मागायचे, कुठल्या विहिरीवर भरायचे आणि कुणी कुठल्या वाड्यावर न्यायचे, हे ठरवलेलं नव्हतं. ज्यांचा कुणी मेहुणा नाही त्यांच्यासाठी करार हवा.

पाणबंब

मी अग्निशामक सेवेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायचे जे १८ विषय आहेत त्यात अग्निशमन सेवाही आहे. महाराष्ट्रात म्हणून नगरपालिकांचे स्वतःचे बंब असतात. गोव्यात मात्र अग्निशामक आणि आणीबाणी सेवा हे राज्याचं संचालनालय आहे. त्याचा फायदा जानेवारी २०२३ मध्ये पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्याला आग लागली तेव्हा दिसला. वेगवेगळ्या केंद्रांवरून बंब आले. हे डिझेल म्हापशाचं की फोंड्याचं असं कुणी विचारलं नाही, कारण खातं एक, नियंत्रण कक्ष एक. पंचायतींच्या कराराने नेमकं हेच साधायचं आहे. अनेक घरं असली तरी त्या रात्रीपुरती एक चूल.

आता जे सांगतो ते राग न मानता ऐका. त्या मुलाला करवत हातात देऊन पाठवायलाच नको होतं. पडलेल्या झाडाच्या फांद्या धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात. ताण कुठल्या बाजूला आहे ते आधी बघायचं, त्या बाजूला उभं राहायचं नाही, दाबाच्या बाजूने थोडं कापून मगच ताणाच्या बाजूने कापायचं. पायात जाड बूट, डोक्यावर हेल्मेट. हे शिकवायला दोन दिवस पुरतात. आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळतं, त्या यादीतली तुमच्या गावातली माणसं कोण ते पंचायतीला माहीत असायला हवं. करारात यंत्रांची यादी घालाल तेव्हा समोर ते चालवणाऱ्या शिकलेल्या माणसाचंही नाव घाला. माणसाशिवाय करवत पाठवणं मी मदत मानत नाही.

म्हादईकाठ

पाणबंबकाका, राग कसला? तुम्ही हे तेव्हा सांगायला हवे होतात असं वाटलं. करवत पाठवणाऱ्यांची नव्हे, मागणाऱ्याची, म्हणजे माझी चूक ती. काय काम आहे हे मी फोनवर नीट सांगितलंच नव्हतं. "झाडं पडली, माणसं पाठवा" एवढंच.

वकिली_टिपण

कायद्याची बाजू थोडी सविस्तर मांडतो, कारण तुम्हाला वाटतं तेवढी ती रिकामी नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणांनाही, म्हणजे पंचायतींना आणि पालिकांना, स्वतःचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा करून जिल्हा प्राधिकरणाला द्यावा लागतो. कलम ४१ मध्ये त्यांची कर्तव्यं आहेत: कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, साधनं वापरासाठी तयार ठेवणं आणि बाधित क्षेत्रात राज्य व जिल्हा आराखड्यानुसार मदतकार्य करणं. शब्द नीट वाचा. कायदा "बाधित क्षेत्रात" म्हणतो, "स्वतःच्या हद्दीत" म्हणत नाही. शेजाऱ्याला मदत करणं जर जिल्हा आराखड्यात लिहिलेलं असेल, तर लेखापरीक्षकाच्या त्या आक्षेपाला माझ्या मते आधारच उरत नाही. जिल्हा आराखडा करताना स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करावी असं कलम ३१ सांगतं. तो दरवाजा आपला आहे, तो आपण ठोठावतच नाही.

कुणी म्हणेल, जिल्हाधिकाऱ्यांना कलम ६५ खाली वाहनं आणि साधनं ताब्यात घेता येतात, कलम ६६ खाली त्याचा मोबदलाही आहे, मग करार कशाला? पण ताब्यात घेणं वेगळं आणि आपण होऊन देणं वेगळं. आदेश वरून खाली यायला वेळ लागतो, आणि आदेशाने यंत्र आलं तरी त्याला गावची वाट माहीत नसते.

आता जखमी मुलाचं. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे) मालकाची जी व्याख्या होती त्यात एक महत्त्वाची ओळ होती. कामगाराची सेवा तात्पुरती दुसऱ्याला दिली असेल, तर तो दुसऱ्याचं काम करत असेपर्यंत मालक म्हणजे तो दुसरा. रोजंदारीवरचा हा मुलगा त्या कायद्याच्या कक्षेत बसतो की नाही यावर वाद होऊ शकतो. पण तो बसत असेल तर जबाबदारी तुमच्या पंचायतीवर, म्हणजे मदत मागणाऱ्यावर येते. "तो आमचा कामगार नव्हे" हे तुमच्या पंचायतीने सहज म्हणायला नको होतं.

आणखी एक. २०२५ च्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्यांसाठी आणि महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणलं. आयुक्त अध्यक्ष, जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. गोव्यात ते पणजीला लागू होतं. बाकीच्या १३ पालिका आणि सगळ्या पंचायती आधी होत्या तिथेच आहेत.

पालिकेतला

मी एका नगरपालिकेत स्वच्छता विभागात आहे. वरचं सगळं वाचलं. एकच सांगायचं आहे.

वादळ झालं की पहिला फोन आम्हाला. पूर ओसरला की गाळ, मेलेली जनावरं, भिजलेल्या गाद्या, फुटलेले शौचकूप, हे सगळं आमच्याच हाताने निघतं. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण आणि महाड बुडालं तेव्हा ठाणे, नवी मुंबईकडच्या पालिकांची पथकं साफसफाईला तिकडे गेली. पुरानंतरचे पहिले आठ दिवस गावाला आमच्यासारख्या माणसांची गरज असते आणि गावची स्वतःची माणसं तेव्हा आपलंच घर धूत असतात. त्यामुळे बाहेरून माणसं यायलाच हवीत, हे मला पूर्ण मान्य.

पण जायचं तर हातमोजे, गमबूट हवेत, धनुर्वाताच्या लशीचं आणि लेप्टोच्या गोळ्यांचं डॉक्टरांकडून आधी बघितलेलं असलं पाहिजे. कुठे झोपणार, काय जेवणार ते ठरलेलं हवं. आणि दिवसाचा रोज बुडला नाही पाहिजे. एवढं लिहून द्या, आम्ही सांगाल तिथे येऊ.

दोडामार्गी

मी सीमेच्या पलीकडचा, महाराष्ट्रातला, पण आजारी पडलो की बांबोळीलाच येतो, तेव्हा मला परका मानू नका.

ऑगस्ट २०१९. तिळारीतून पाणी सुटलं आणि खाली साळ, इब्रामपूर, चांदेल, हसापूर या भागांत शिरलं. धरण आमच्या तालुक्यात, प्रकल्प दोन्ही राज्यांचा, पाणी बघतो आम्ही आणि भोगता तुम्ही. नदी वाढतेय हे आमच्या काठच्या माणसाला खालच्यापेक्षा आधी दिसतं. त्या वेळी मी पेडण्यातल्या माझ्या मावसबहिणीला फोन केला म्हणून तिच्या वाड्यावरची गुरं वेळेत सुटली. बाकीच्यांना कुणी मावसभाऊ नव्हता. माईंनी मेहुण्याचं लिहिलंय, ही तीच गोष्ट.

करवत, टँकर, माणसं यांच्याही आधी खबर ही मदत आहे. तिला डिझेल लागत नाही, लेखापरीक्षणही लागत नाही. आमच्या काठच्या ग्रामपंचायती आणि तुमच्या काठच्या पंचायती यांच्यात एवढंच ठरलं, की पाणी अमुक खुणेला लागलं की वरच्या सरपंचांनी खालच्या सरपंचांना स्वतः फोन करायचा, तरी खूप होईल. जिल्ह्याकडून जिल्ह्याला अधिकृत संदेश जातो तो जाऊ दे. त्याच्या शेजारी ही दुसरी तार हवी.

दूरदेशी

साखळीचा, सध्या अमेरिकेत न्यू जर्सीला. धागाकर्त्याने विचारलंय की असं कुठे झालंय का. झालंय, आणि काजूमळांच्या शंकेचं उत्तरही त्यात आहे.

१९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर इथल्या दक्षिणेतल्या राज्यांनी आपसातल्या मदतीचा करार तयार केला. १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, त्याला मंजुरी दिली, आता सगळी ५० राज्यं त्यात आहेत. कॅलिफोर्नियात तर राज्याच्या आतला, शहरं आणि काउंटी (इथले जिल्हे) यांचा असा करार १९५० पासून आहे. २००५ च्या कतरिना आणि रीटा वादळांत राज्यांमधल्या करारातून सुमारे ६६ हजार माणसं मदतीला गेली.

त्यातली कलमं वाचाल तर म्हादईकाठबाबांचीच गोष्ट कुणीतरी आधी सोसून मग लिहिली आहे असं वाटतं. मदत तोंडी मागता येते, लेखी पुष्टी ३० दिवसांच्या आत द्यायची. म्हणजे वादळाच्या रात्री फोनच चालतो, कागद मागाहून. आलेली माणसं आपल्याच मुकादमाच्या हुकमात राहतात, पण कुठे काय करायचं ते यजमान राज्य सांगतं. डिझेल, यंत्राची मोडतोड, इतर खर्च मागणाऱ्याने भरायचा; देणाऱ्याला वाटलं तर तो सोडूनही देऊ शकतो. आणि माणूस जखमी झाला किंवा गेला तर भरपाई ज्याने पाठवला त्याने द्यायची, जणू तो घरच्याच कामावर होता, आणि ती मागणाऱ्याकडून वसूल करायची नाही. वकीलसाहेबांनी सांगितलेल्या १९२३ च्या कायद्याच्या हे बरोबर उलट आहे. मला अमेरिकी पद्धत बरी वाटते. ज्याच्या हजेरीपटावर माणूस आहे तोच त्याच्या घरच्यांना ओळखतो.

जपानचंही थोडं सांगतो. २०११ च्या त्सुनामीनंतर कान्साई भागातल्या प्रांतांनी आपसात वाटणी केली, तुम्ही इवातेला बघा, तुम्ही मियागीला, तुम्ही फुकुशिमाला. हे प्रांत आपत्तीच्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर होते. म्हणूनच त्यांच्याकडे द्यायला काही होतं.

म्हादईकाठ

दूरदेशी, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांनी माझा विचार बदलला. मी शेजाऱ्याशी करार म्हणत होतो. पण २३ जुलैला सत्तरी, डिचोली, धारबांदोडा, बार्देश सगळीकडे एकदम पाणी. मी ज्या सरपंचांना फोन करणार होतो त्यांच्याही गावात पाणी शिरलं होतं. त्या दिवशी माझ्या उपयोगाला आली असती एखादी सासष्टीची किंवा काणकोणची पालिका. आणि उलट, २ ऑक्टोबर २००९ ला काणकोणात तळपण आणि गालजीबाग या नद्या कोपल्या तेव्हा आम्ही सत्तरीवाले कोरडे होतो आणि घरात बसून ऐकत होतो. आम्हाला कुणी बोलावलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

म्हणजे प्रत्येक पंचायतीला दोन जोडीदार हवेत. एक हाकेच्या अंतरावरचा, पहिल्या तासासाठी. दुसरा दुसऱ्या नदीच्या खोऱ्यातला, दुसऱ्या दिवसापासूनच्या कामासाठी.

खाजनबांध

दोन जोडीदार ही कल्पना पटली. यात आपल्याच मातीतली एक गोष्ट जोडतो.

आमचं गाव मांडवीच्या तोंडाशी, खाजन शेतीचं. खाडी आणि शेत यांच्यामध्ये एक बांध आणि त्यात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार. बांधाला भगदाड पडलं की भरती कुणाचं शेत ते बघत नाही. एक फट रात्रभर राहिली तर सगळ्यांच्या शेतात खारं पाणी, आणि माती खारावली की ती पुन्हा पिकायला पाऊसकाळ जावे लागतात. म्हणून बांध फुटला की प्रत्येक घरातून माणूस, मग त्याचं शेत भगदाडाजवळ असो वा लांब. खर्च कुणी कसा उचलायचा याचे नियम जुन्या काळापासून होते. १९७५ मध्ये सरकारने कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियमच केले, त्यातून कूळ संघटना आल्या. आज कित्येक ठिकाणी त्या संघटना नावापुरत्या उरल्या आहेत हे खरं, पण तत्त्व जुनं आणि आपलं आहे. बांध सगळ्यांचा, म्हणून खर्च सगळ्यांचा, आणि हे बांध फुटायच्या आधी ठरलेलं.

काजूमळाबाब, आमचे आजे काही माणुसकीत कमी नव्हते. तरी त्यांनी वाटणी आधी ठरवून ठेवली, कारण चिखलात उभं राहून हिशेब करता येत नाही.

चिखलीकर

वास्कोकडची एक नोंद. १९ जानेवारी २०१८ ला पहाटे चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला, लोकांना झोपेतून उठवून बाहेर काढावं लागलं. रसायनांच्या अपघातांसाठी १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक संकट गट सांगितले आहेत, कारखाने एकमेकांना फोम, मुखवटे, माणसं देतात. कारखान्यांना हे जमतं तर शेजारच्या पंचायतींना का नाही? आणि वारा कुठल्या गावाकडे वाहतोय यावर कुठल्या गावाने कुणाला आसरा द्यायचा ते ठरतं. शाळेच्या चाव्या कुणाकडे असतात ते दुसऱ्या गावाला माहीत असू द्या.

माई_फोंडा

जत्रांचंही घ्या यात. शिरगावची लईराईची जत्रा, ३ मे २०२५ ची पहाट. एवढंसं गाव आणि एका रात्रीत येणारे हजारो हजार भाविक. चेंगराचेंगरीत माणसं गेली. पाऊस सांगून येत नाही, जत्रा तर पंचांगात असते. त्या रात्रीसाठी आजूबाजूच्या पंचायती आणि डिचोली, साखळीच्या पालिका यांचे स्वयंसेवक आणि दिवे आधीच मागून ठेवता येतात.

काजूमळा

खाजनबांध आणि दूरदेशी, माझा आक्षेप मागे घेतो. "फोन आधी, कागद ३० दिवसांत" हे कलम असेल तर मला करार मान्य आहे. ते नसेल तर मात्र नाही.

म्हादईकाठ

ते कलम पहिलंच असेल.

काल रात्री बसून एका पानाचा मसुदा केला. मागणी फोनवर, पण काय काम, किती माणसं, कुठली वाट, कुणाला भेटायचं हे चार शब्द सांगायचेच. करवत आणि पंप शिकलेल्या माणसासकट. बूट, मोजे, औषध पाठवणाऱ्याने द्यायचं, जेवण आणि झोपायची जागा बोलावणाऱ्याने. डिझेल बोलावणाऱ्याचं. दिवसाचा रोज चालू राहील. जखमी झाल्यास पाठवणारी पंचायत लगेच खर्च करेल, आणि दोन्ही पंचायती मिळून दर मे महिन्यात करवत, पंप चालवणाऱ्यांचा अपघात विमा काढतील. वकीलसाहेब, भरपाईच्या आताच्या कायद्याशी हे कुठे आडवं जात असेल तर दुरुस्त करून द्या. विम्याने कायद्यातली जबाबदारी सुटत नाही हे मला कळतं, पण निदान तीन महिने चूल पेटती राहील.

हा मसुदा कलम ३२ च्या आमच्या आराखड्याला जोडायचा आणि तालुक्यातून जिल्हा आराखड्यात जावा म्हणून मामलेदारांना पत्र द्यायचं, असं सध्याच्या सरपंचांशी बोलणं झालं आहे. रविवारी ग्रामसभा आहे, विषय घेतला आहे.

दोडामार्गी, तुमच्या काठच्या सरपंचांना विचारा, पाण्याची ती खूण कुठल्या दगडावर, कुठल्या पुलाच्या खांबावर रंगवायची? रंग आम्ही आणतो.

आणि तो मुलगा. आज सकाळी त्याच्या घरी जाऊन आलो. आता तो वाळपईत दुचाक्या दुरुस्त करतो, थोडा लंगडतो. मसुदा त्याला वाचून दाखवला. त्याने एक सुधारणा सुचवली, ती तशीच घालतोय: मदतीला गेलेल्या माणसांची नावं दोन्ही पंचायतींच्या नोंदवहीत त्याच दिवशी लिहायची. तो म्हणाला, "मी तिथे होतो असं कुठेच लिहिलेलं नाही."

वकिली_टिपण

मसुदा पाठवा. शुक्रवारपर्यंत बघून देतो.